पान एकशे बाराबद्दल ओर्फा काय म्हणाली

गुरुवार, ४ ऑक्टोबर

सगळ्यात आधी आली ती ओर्फाच. पाहुण्या दोन वाजता यायच्या होत्या, ही दीडलाच दारात उभी, हातात स्वतःच्या घरची पाई. जणू माझ्याकडे पाई नव्हतीच. मी तीन केल्या होत्या, दोन सफरचंदाच्या आणि एक भोपळ्याची. चौथी आली की पहिल्या तिन्ही उरतात, हे सत्तरी ओलांडलेल्या बाईला कळू नये? कळत नाही असं नाही, ती दाखवत नाही. एनोसची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको ती. पन्नास वर्षं बघतेय मी तिला. एनोस जाऊन सहा वर्षं झाली. कुंपणापलीकडे लेकाच्या घराला चिकटून म्हाताऱ्यांचं धाकटं घर असतं तसल्या घरात ती राहते, अलीकडे तसल्याच घरात आम्ही दोघं. माझ्या चुलीचा धूर तिला दिसतो, तिचा मला.

तुला कोणी सांगितलं आज येणार म्हणून, असं मी विचारलं. "तूच," ती म्हणाली, "रविवारी. त्याआधी बुधवारी. त्याआधी मी दूध घालत होते तेव्हा." मग काय, बस म्हटलं.

आता पाहुण्या कोण ते लिहिते, नाहीतर पुढच्या वर्षी माझं मलाच कळायचं नाही. ग्वेन वाचनालयात काम करते आणि दर शरदात आमच्या फाट्यावरून सफरचंदं नेते. चांगली आहे, हातरुमाल कापडी वापरते. तिचा पाच बायकांचा एक गट आहे, महिन्याला एक पुस्तक वाचतात आणि त्यावर भांडतात. यंदा त्यांनी एक खुनाचं पुस्तक घेतलं, ते आमच्यासारख्या, विजेशिवाय आणि मोटारींशिवाय जुन्या रीतीने राहणाऱ्यांच्या गावात घडतं, म्हणजे टोप्या, बग्ग्या, गायी आणि मधूनमधून मुडदे. ग्वेन म्हणाली, तुमच्या स्वयंपाकघरात बसून बोललो तर किती छान. मी हो म्हणून मोकळी झाले, मग आमच्या ह्यांना विचारलं. ते म्हणाले, आता कशाला विचारतेस. आम्ही सोडून जग सगळं आमच्या लेखी इंग्रजच, पण इंग्रज बायका माझ्या टेबलाशी येऊन बसणार, त्याही माझं ऐकायला, असं कधी झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी पडवी दोनदा धुतली.

पुस्तकाची एक प्रत ग्वेनने आधीच ठेवली होती. माझी शाळा सहावीपर्यंत, तीही शेतात काम नसेल तेव्हा. इंग्रजी वाचताना बोट ठेवावं लागतं. बोट ठेवत ठेवत चाळिसाव्या पानापर्यंत गेले, तिथे धुराच्या खोलीत, म्हणजे डुकराचं मांस धुरी द्यायला टांगतात तिथे, एक मुलगी टांगलेली सापडते. भीती काही वाटली नाही मला. राग आला. लिहिणारीने सगळं आमच्या डुकरं कापण्यावरून उचललंय आणि सगळं उलटंसुलटं. आकडा कुठे घालतात ते माहीत नाही, रक्त किती निघतं ते माहीत नाही. मी पन्नास डिसेंबर डुकरं साफ केलीत. तेवढ्यात ओर्फाने पुस्तक मागून नेलं आणि चौथ्या दिवशी पुरं वाचून परत आणलं. आठवीपर्यंत शिकली आहे, दाखवणारच.

तर बायका आल्या. ग्वेन, मग मार्जी म्हणून एक, ती इस्पितळात परिचारिका होती आता निवृत्त, एक उंच, एक लाल कोटवाली आणि एक जिला माझी चूल फार आवडली. मी नातवंडांची नावं सांगितली, त्रेचाळीस, वयाप्रमाणे. एकोणतिसाव्याला ग्वेनने घड्याळ बघितलं, पण हसत बघितलं.

मग पुस्तक निघालं आणि ज्या काही एकमेकींवर तुटून पडल्या. लाल कोटवाली म्हणाली, आम्ही असली पुस्तकं शांततेसाठी घेतो, गवताचा वास, पाव, घोडे, आणि ही बाई दर तीस पानांनी कोणाचं तरी काहीतरी मोडते. उंच बाई म्हणाली, खप वाढावा म्हणून आहे सगळं. चूल आवडलेली म्हणाली, तिने रक्ताची पानं सोडूनच वाचलं, तर उंच बाईने विचारलं, मग उरलं काय, मुखपृष्ठ? ग्वेनने फोनवरून परक्या लोकांची मतं वाचून दाखवली. एकीने लिहिलं होतं, जेवताना वाचू नका. एकाने लिहिलं होतं, ही देवभोळी माणसं असं करतच नाहीत, लेखिकेने त्यांची माफी मागावी. मला तो माणूस फार आवडला.

सगळ्यांचा राग पान एकशे बारावर. तिथे एक नवरा, गावात मान असलेला, बायकोचा हात धुण्याच्या खोलीच्या चौकटीत ठेवून दार लावतो. हाड मोडल्याचा आवाज कसा आला ते अर्धं पान लिहिलंय. लाल कोटवालीने तिथे पुस्तक मिटलं ते परत उघडलंच नाही. आणि पुढे म्हणे तो नवरा मंडळीसमोर, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या सगळ्यांसमोर, गुडघे टेकून रागाची कबुली देतो, मंडळी त्याला क्षमा करते, आणि त्यानंतर कोणी त्या बाईला एक शब्द विचारत नाही. उंच बाई म्हणाली, रक्त एक वेळ पटेल, पण हे पटणं शक्य नाही. सबंध गाव कसं गप्प बसेल?

ग्वेन माझ्याकडे वळली. सगळ्याच वळल्या. असं आहे का हो?

मी म्हटलं, आहे तर. क्षमा झाली की गोष्ट संपली. ती परत काढायची नाही, कुजबुजायची नाही, मनातसुद्धा आणायची नाही, आणि जो उकरून काढेल तोच दोषी. मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ एनोस, याच ओर्फाचा नवरा, एकतीस वर्षांपूर्वी वसंतात गुडघे टेकून बसला होता. रागाबद्दल. कोणी त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं, आपणहून. इतका रडला की मंडळीतली दगडासारखी माणसं रडली. असा माझा भाऊ होता. क्षमा म्हणजे काय ते त्या दिवशी बघावं.

छान सांगितलं मी. मला स्वतःला भरून आलं. आणि त्याच क्षणी ओर्फा म्हणाली, "पान एकशे बारा. आवाज बरोबर लिहिलाय."

एवढंच. मग उठून बश्या गोळा करायला लागली, डाव्या हाताने नेहमीसारख्या कोपराशी दाबून.

झालं. त्यानंतर माझ्याकडे कोणी बघितलं असेल तर शपथ, म्हणजे शपथ आम्ही घेत नाही, पण नाही बघितलं. पाचही डोकी ओर्फाकडे. मार्जी तिच्या मागोमाग पडवीत गेली. खिडकीतून मला दिसत होतं, तिने ओर्फाचं मनगट हातात घेऊन हळूहळू फिरवून बघितलं, घोड्याचा पाय बघतात तसं, आणि बराच वेळ सोडलंच नाही. माझी पाहुणी, माझी पडवी. निघताना पाचही जणींनी ओर्फाला मिठी मारली. मला तिघींनीच. भोपळ्याची पाई अख्खी उरली.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

ऊन. वारा पश्चिमेचा. पडदे धुतले, खरं तर स्वच्छ होते.

मी विचार करतेय, ओर्फाला काय ठाऊक असला आवाज. तिचा हात मोडला होता एकदा, सगळ्या मंडळीला माहीत आहे, पण तो गवताच्या माळ्याच्या शिडीवरून पडून. सहा आठवडे तिचं धुणं मी नेलं होतं, माझं धरून दोन घरांचं. म्हणजे हाडाचा आवाज तिला माहीत असेल, नाही कशाला म्हणू. पण शिडीचा आवाज वेगळा आणि दाराचा वेगळा. पाहुण्यांसमोर जरा शहाणपण दाखवायचं, दुसरं काय.

एनोसच्या लग्नातही असंच झालं होतं. तो दिवस एनोसचा होता आणि सगळ्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, काय गोड मुलगी आणली. तोपर्यंत रोज संध्याकाळी मी आणि एनोस एकत्र दूध काढायचो. तो शिट्टी वाजवायचा, मी सूर ओळखायचे.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

ढगाळ. मंडळीची शिस्त बघणाऱ्या डीकन रूबेनची बायको ल्यूएला हिच्याकडे सफरचंदाचं लोणी आटवायला गेले. लोणी म्हणतात पण त्यात लोणी नसतं, सफरचंद आणि त्याचाच रस, तांब्याच्या काईलीत सकाळपासून. एकीने लांब दांड्याचा सराटा फिरवत राहायचं, क्षणभर थांबलं की तळाशी लागतं. सराटा एकीकडे, त्यामुळे बाकीच्यांना बोलण्याशिवाय काम नसतं.

ल्यूएलाने पाहुण्यांचं विचारलं. मी सगळं सांगितलं, पाईंसकट. आणि बोलता बोलता म्हटलं की ओर्फाने इंग्रज बायकांसमोर एनोसच्या त्या जुन्या गोष्टीबद्दल काहीतरी सुचवलं. मी नाव घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण हळू.

ल्यूएलाच्या हातातला सराटा थांबला. "कबुलीची गोष्ट? परक्यांसमोर?" मी म्हटलं, सराटा फिरव गं. तर म्हणाली, "सविला, प्रभुभोजन तीन आठवड्यांवर आलंय."

लागलंच मग तळाशी. सगळ्या बरण्यांना करपट वास आहे. मी माझ्या दोन घेऊन आले, आमचे हे म्हणाले, यंदा लाकडाचा वास छान उतरलाय.

मला वाईट वाटलं का? थोडं. पण थोडंच. कोणीतरी सांगायलाच हवं होतं की सगळी सहानुभूती एकाच घरात नेऊन ठेवायची नसते.

बुधवार, १० ऑक्टोबर

पाऊस. टपालाच्या दोन पेट्या रस्त्याला शेजारी शेजारी आहेत, माझी आणि ओर्फाची. टपालवाल्याने आज चुकून तिचं पाकीट माझ्या पेटीत टाकलं. जाड. पाठवणारीचं नाव मार्जी. मी उघडलं नाही. उजेडासमोर धरलं, पण त्यातून काही दिसत नाही, चांगला कागद वापरते.

नेऊन दिलं. ओर्फाने उभ्यानेच वाचलं, चार पानं, मग परत पहिल्या पानावर गेली. काय लिहिलंय, मी विचारलं. हवापाण्याचं, ती म्हणाली, आणि पत्र घडी करून छातीशी टाचून टाकलं, पिनेने, कपड्याच्या आत.

मी मार्जीला भोपळ्याच्या पाईची कृती लिहून दिली होती. त्याबद्दल एक ओळ असेल की नाही त्या चार पानांत? मी विचारलंसुद्धा. ओर्फा म्हणाली, "आहे, तुझे आभार मानलेत." पण ती पत्राकडे न बघताच म्हणाली.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

आठवड्याच्या मधल्या वारी डीकनची बग्गी अंगणात वळली की घरातलं मांजरसुद्धा ओळखतं. रूबेन माझ्या मावसबहिणीचा मुलगा, मला मावशी म्हणतो, पण आज टोपी काढून कडेला ठेवली नाही, हातातच धरून बसला. सोबत दुसरा एक धर्मसेवक, नियमाप्रमाणे, त्याने करपट बरणीतलं पावाला लावून खाल्लं.

रूबेन म्हणाला, रविवारी तयारीची सभा आहे. प्रभुभोजनाआधी सगळ्यांची मनं एकमेकांशी साफ आहेत की नाही ते विचारावं लागणार. मिटवलेली गोष्ट कोणी उकरली असेल तर तिला आधी मंडळीसमोर उभं राहावं लागेल. तो आधी माझ्याकडे आला कारण बोलणं माझ्या घरात झालं. इथून ओर्फाकडे जाणार होता.

"मावशी, एनोसमामांच्या कबुलीचा विषय कोणी काढला?"

माझ्या तोंडात नाव तयार होतं. पण मला कोणतीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही, सुरुवातीपासून सांगावी लागते. म्हणून मी ओर्फा दीड वाजता आली तिथून सुरू केलं. नातवंडं सांगितली. लाल कोटवाली सांगितली. पान एकशे बारा सांगितलं, फोनमधला तो चांगला माणूस सांगितला. मग ग्वेनने मला विचारलं, असं आहे का हो, आणि मग मी म्हटलं.

आणि मी थांबले.

रूबेन वाट बघत होता. मी परत सगळं मनात फिरवून बघितलं. ओर्फाने एनोसचं नाव घेतलंच नव्हतं. त्या दिवशीच काय, कबुलीबद्दल एकतीस वर्षांत एकदाही नाही. घेतलं ते मी. पाच इंग्रज बायकांसमोर, पाईच्या बश्यांवर, माझा भाऊ किती मोठा होता ते सांगायला.

"मी काढला," मी म्हटलं.

रूबेनने टोपीची कड हातात फिरवली. "आणि ओर्फामामी काय म्हणाल्या?"

"ती म्हणाली, पुस्तकात आवाज बरोबर लिहिलाय."

"कसला आवाज?"

"दाराचा."

मला वाटलं तो अजून विचारेल. त्याने विचारलं नाही. एकतीस वर्षांपूर्वी तोही त्या सभेत होता, नुकताच बाप्तिस्मा झालेला पोरगा. खिडकीबाहेर बघत म्हणाला की एवढ्याशा गोष्टीला जागेवर बसून कबुली दिली तरी चालेल, तुमचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, एनोस गुडघ्यांवर बसला होता, मीही बसेन. त्याच्यापेक्षा कमी कशाला.

बग्गी ओर्फाकडे वळली नाही. सरळ घरी गेली. ते मी शेवटपर्यंत उभी राहून बघितलं.

रविवार, १४ ऑक्टोबर

थंडी. सभा दुपारी तीनपर्यंत चालली. शेवटी बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवलं आणि मी पुढे जाऊन गुडघे टेकले, चेहरा हातात. पेंढ्याचा वास येत होता, लोकांनी बुटांबरोबर आणलेला. मी म्हटलं की मंडळीने मिटवलेली गोष्ट मी परक्यांसमोर काढली, बढाई मारण्यासाठी, आणि मग माझ्या भावजयीवर ढकलली. शेवटचं वाक्य रूबेनने सांगितलं नव्हतं. ते आपोआप आलं.

मग बाहेर जाऊन उभी राहिले, आत मतं घेतली, परत बोलावलं. बिशपच्या बायकोने उठवून गालाचं चुंबन घेतलं. झाली क्षमा. आता याबद्दल कोणी एक शब्द काढायचा नाही, म्हणून मी इथेच लिहून ठेवते. खोटं कशाला लिहू, सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा थोडं बरंही वाटलं. पण रडलं कोणी नाही. एनोसला सगळी मंडळी रडली होती. मला फक्त दोघी रडल्या, त्यातल्या एकीला पेंढ्याने शिंका येतात.

गुडघ्यांवर असताना एनोसचा तो दिवस आठवला. वसंत होता, खिडक्या उघड्या होत्या. ओर्फा तिसऱ्या ओळीत होती. तिचं धाकटं बाळ माझ्या मांडीवर होतं, कारण तिचा हात फडक्याच्या झोळीत होता. शिडीवरून पडून तेव्हा पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. म्हणजे आधी ती पडली, आणि मग त्याच पंधरवड्यात एनोसने रागाची कबुली

आज इतकंच पुरे. भाजीचं तळघर झाकायचं राहिलंय.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

नूडल्स केल्या, चाळीस अंड्यांच्या. वाळत घातल्या. ओर्फा कुंपणाशी आली होती, मी आत गेले.

बुधवारी आणि गुरुवारी काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही, आणि त्याआधीही नाही. मी कामात होते.

रविवार, २८ ऑक्टोबर

प्रभुभोजन झालं. देवाच्या कृपेने कोणी मागे राहिलं नाही.

भाकर आणि द्राक्षारसानंतर पाय धुवायचे असतात, बायका बायकांचे, दोघी दोघी. बाकावर ज्या क्रमाने बसलो असू त्याप्रमाणे जोड्या होतात, निवडायचं नसतं. मी मोजून बसले होते, ल्यूएला माझ्या वाट्याला यावी म्हणून. ऐन वेळी पलीकडची एक म्हातारी खोकत बाहेर गेली आणि जागा एकेकीने सरकल्या. ओर्फा समोर येऊन बसली आणि मोजे काढायला लागली.

मी तिचे पाय धुतले. पाणी कोमट होतं. तिचे पाय माझ्यापेक्षा लहान आहेत, पन्नास वर्षांत मी इतक्या वेळा बघितले असतील पण आज नीट बघितले. मग ती माझ्यासमोर वाकली, तिने एका हातानेच धुतले, डावा नुसता टेकवून ठेवला. टॉवेल तिला पिळता येईना, मी पिळला. उठून चुंबन घेतलं, शांतीचं, म्हणायचं ते म्हटलं.

मोजे चढवत बसलो तेव्हा पुरुषांनी गाणं सुरू केलं होतं, आमची गाणी लांब असतात, एका ओळीला पाव तास. ओर्फाने खाली बघतच विचारलं, "तुला खरंच ठाऊक नव्हतं, सविला?"

"तू शिडी म्हणाली होतीस."

"मी नव्हते म्हणाले. तू आत आलीस, हात बघितलास आणि म्हणालीस, अगं बाई, शिडीवरून पडलीस वाटतं. एनोस चुलीपाशी उभा होता. मी हो म्हटलं."

मी म्हणणार होते की असं काही झालं नाही. पण मला दिसलं ते. ओला कोट होता माझ्या अंगावर, हातात दुधाची बरणी. धुण्याच्या खोलीचं दार बिजागरीतून निघून भिंतीला टेकवलेलं होतं. मी दाराकडे बघितलं होतं. आणि मग शिडी म्हणाले. एनोसने हात पुसले आणि हसून म्हणाला, बघ, सविलाला कसं लगेच कळलं. किती दिवसांनी त्याने माझं कौतुक केलं होतं. लग्न झाल्यापासून सगळं तिचंच चाललं होतं. मी घरी जाताना शिट्टी वाजवत गेले होते.

ओर्फाने बूट बांधले. एका हाताने बांधते ती, दातात एक टोक धरून. तिने मला परत काही विचारलं नाही आणि गाणं अजून दुसऱ्या ओळीवरच होतं.

गुरुवार, १ नोव्हेंबर

पहिलं हिव पडलं. सूर्य वर आला तेव्हा सगळं कुरण मिठासारखं.

ग्वेन आणि मार्जी सकाळी आल्या, हंगामातली शेवटची सफरचंदं न्यायला. पिशव्या भरून झाल्या आणि सरळ कुंपण ओलांडून ओर्फाकडे. मी फडकं घेऊन पडवीचा कठडा पुसायला लागले, तिथून नीट ऐकू येतं. ओर्फा म्हणत होती, पुढच्या वेळी माझ्याकडे बसा. सगळ्या या. ती उंच बाईसुद्धा, ती जरूर, तिला पटलं नव्हतं ना.

त्या गेल्यावर मी गेले. का खोटं बोलू, पोटात दुखतच होतं. माझ्या स्वयंपाकघरात काय वाईट होतं, मी विचारलं. खुर्च्या जास्त आहेत, उजेड चांगला, चूल तर त्या बाईला इतकी आवडली.

"तुझ्या घरात तू बोलतेस," ओर्फा म्हणाली. "माझ्या घरात मला बोलायचंय."

मी म्हटलं, अगं, रूबेनची बग्गी येईल. मिटवलेली गोष्ट आहे. इंग्रजांसमोर काढलीस तर तुला पुढे बसवतील, मला बसवलं तसं, आणि मला क्षमा करा असं काही तू म्हणणार नाहीस, तेही मला माहीत आहे, मग तुझं प्रभुभोजन बंद होईल, लेकाच्या टेबलावर तुझं ताट वेगळं मांडतील. या वयात. पुस्तकावर बोल ना, जेवढं बोलायचं तेवढं. पान एकशे बारावर रोज बोल.

ओर्फा चुलीत लाकूड घालत होती. म्हणाली, एकतीस वर्षं कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कबुलीच्या आधी, क्षमेच्या आधी, केव्हाही. मार्जीने विचारलं. चार पानं नुसतं विचारलंय तिने. "मला काढायची नाहीये गोष्ट, सविला. मला फक्त कोणी विचारलं तर उत्तर द्यायचंय."

मी तिथे उभी राहून विचार केला. मला विचार करायला वेळ लागतो, पण नियम मला पाठ आहेत, सहावीपर्यंतच शिकले तरी. जो उकरून काढतो तो दोषी. ज्याला विचारलं आणि ज्याने खरं उत्तर दिलं तो नाही, खोटं बोलणं त्याहून मोठं पाप आहे. आणि विचारणारी इंग्रज असली तर रूबेन म्हणणार, तिला टाळता आलं असतं, उठून जाता आलं असतं. पण विचारणारी घरचीच असली, नणंद असली, जिची एकदा कबुली झालेली आहे आणि जी पुन्हा तेच करायला निर्लज्ज आहे अशी सगळ्यांना आधीच खात्री आहे, तर दोष तिचा.

म्हणजे विचारायचं मी.

मी ते ओर्फाला सांगितलं. तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाली, "गुडघे टिकतील का तुझे?" मी म्हटलं, टिकतील न टिकतील, तू रडशील ना त्या वेळी, मागच्या खेपेला कोरडी बसली होतीस. ती हसली. पहिल्यांदा तिचे मागचे दात दिसले मला, दोन नाहीत. त्याबद्दल आज नाही विचारलं. ते गुरुवारी.

घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकताना दोनदा म्हणून बघितलं, मोठ्याने, अडखळायला नको. ओर्फा, तुझा हात कसा मोडला? इंग्रजीत म्हणायचंय, सगळ्यांना कळायला हवं. ग्वेन सुरुवातीला पुस्तकाचं काहीतरी बोलेल, ते मी बोलू देणार नाही. पहिलं वाक्य माझं. नंतरचं सगळं ओर्फाचं, मी मध्ये बोलणार नाही, हे मात्र जमेल का बघायचं.

पाचही जणी येणार आहेत. मार्जीने ओर्फाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर स्वतःच्या हाताने खूण केली, तीच मी इथे उतरवून ठेवते: गुरुवार, आठ नोव्हेंबर, दुपारी दोन.